फुगा कशाने फुगला? समुद्री शेवाळापासून इंधन करू पाहणाऱ्यांना सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे ऐरोलीच्या दिवा कोळीवाड्यातले, बी.एस्सी. बायोटेक झालेले, वडील मासेमारी करणारे. जेट्टीच्या दगडांवरचं हिरवं शेवाळ अर्धी बादली खरवडून आणलं, मिक्सरमधून काढलं, पाच लिटरच्या कॅनमध्ये भरलं. बेकरीच्या यीस्टचं एक पाकीट टाकलं आणि ‘सुरुवात व्हावी म्हणून’ २०० ग्रॅम साखर. तोंडाला फुगा बांधून कॅन गॅलरीत ठेवला. दुसऱ्या दिवशी फुगा टम्म. असे तीन फुगे भरले. चौथ्या दिवशी मात्र सडक्या अंड्यांचा वास सुटला. आता दोन मित्रांना घेऊन रबाळ्याला एमआयडीसीत गाळा भाड्याने घ्यायचा विचार आहे, बारा लाखांपर्यंत जमतील. एक टन शेवाळामागे किती लिटर इथेनॉल पडेल आणि यीस्ट कुठलं वापरावं, हे दोन प्रश्न.

माझी एकतीस वर्षं ठाणे-बेलापूर पट्ट्यात फर्मेंटरपाशी, म्हणजे आंबवायच्या टाकीपाशी, गेली. आधी औषधं, मग एन्झाइम, मधली काही वर्षं नुसतं अल्कोहोल. त्यामुळे उत्साहावर पाणी टाकायची हौस नाही, पण गाळ्याचं डिपॉझिट भरायच्या आधी तो फुगा नीट तपासू, कारण सगळा बेत त्याच्यावर उभा आहे.

यीस्टने साखर खाल्ली की वजनाने जवळपास निम्मं अल्कोहोल होतं आणि निम्मा कार्बन डायऑक्साइड. २०० ग्रॅम साखरेतून साधारण १०० ग्रॅम वायू, म्हणजे आपल्याकडच्या हवेत ५५ लिटरच्या आसपास. मध्यम फुग्यात तीन-चार लिटर मावतात. तुम्ही घातलेल्या साखरेतच पंधरा फुग्यांचा माल होता आणि भरले तीन. शेवाळाने एकही फुगा भरला असं म्हणायला जागा नाही. उलट खारट पाण्यात यीस्ट गळपटलं आणि समोर ठेवलेली साखरसुद्धा त्याला पुरी पचली नाही, असंच दिसतं. थोडा वायू फुग्याच्या गळ्यातून निसटला असेल, तो सोडून देऊ.

आणि चौथ्या दिवशीचा वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. हिरव्या शेवाळात सल्फेट भरपूर असतं, समुद्राच्या पाण्यातही असतं. आतला ऑक्सिजन संपला की सल्फेटवर जगणारे जिवाणू कामाला लागतात. कॅन गॅलरीत होता हे बरं झालं. बंद खोलीत मोठ्या पिंपातून हाच वायू निघाला तर तो माणूस आडवा करतो. जास्त झाला की आधी नाकच मरतं, वास येईनासा होतो आणि माणसाला वाटतं धोका गेला. गाळ्यात हा खेळ करायच्या आधी एवढं लक्षात ठेवा.

आता यीस्ट कुठलं? मला हा प्रश्न दर वर्षी कुणी ना कुणी विचारतं, आणि घोडं पेंड खातं ते दुसरीकडेच. उसाच्या मळीत साखर विरघळून तयार असते, यीस्ट टाका की कामाला लागतं. मक्यात स्टार्च असतो, तो दोन एन्झाइमांनी तोडला की ग्लुकोज मिळतो. समुद्री शेवाळात कर्बोदकं भरपूर, सुक्या वजनाच्या निम्मी किंवा त्याहून जास्तही, आणि लाकडासारखं लिग्निन जवळजवळ नाही. म्हणून कागदावर ते उसाच्या चिपाडापेक्षा सोपं दिसतं. पण ही कर्बोदकं कसली आहेत ते बघायला हवं.

तुमच्या जेट्टीवरचं हिरवं म्हणजे उल्वा. त्यात थोडा सेल्युलोज, थोडा स्टार्च आणि बाकी उल्वान नावाचा चिकट पदार्थ. उल्वान तोडला तर ऱ्हॅम्नोज, झायलोज आणि युरॉनिक आम्लं मिळतात. बेकरीचं किंवा डिस्टिलरीचं यीस्ट यातलं काहीही खात नाही. लाल शेवाळात अगार किंवा कॅराजिनान असतो. अगार म्हणजे घरात पुडिंगसाठी आणतो तो चायना ग्रास. तो तोडला की गॅलॅक्टोज मिळतो, तो यीस्ट खातं, पण ग्लुकोज संपेपर्यंत त्याला तोंड लावत नाही. शिवाय त्या साखळीतला एकाआड एक दुवा ॲनहायड्रोगॅलॅक्टोजचा. तो यीस्टच्या कामाचा नाही, आणि ॲसिडमध्ये तापवला तर त्याचं एचएमएफ नावाचं रसायन होतं, जे यीस्टला विषासारखं. निम्मा माल हातचा जातो आणि जाताना उरलेल्यालाही त्रास देतो. तपकिरी शेवाळात अल्जिनेट, लॅमिनारिन आणि मॅनिटॉल. लॅमिनारिन तोडला की ग्लुकोज, तेवढी गंमत चांगली. मॅनिटॉल खायला यीस्टला थोडा ऑक्सिजन लागतो, आणि ऑक्सिजन दिला की ते अल्कोहोल करायचं सोडून आपली प्रजा वाढवत बसतं. अल्जिनेट तर साध्या यीस्टला पचतच नाही.

अल्जिनेटने माझी काय फजिती केली ते सांगतो.

२०११ च्या सुमारास, एका कंपनीत (नाव नको), आमच्या साहेबांच्या डोक्यात शेवाळ शिरलं. मालवणहून सुकवलेलं सरगॅसम हे तपकिरी शेवाळ मागवलं. टेम्पोतून पोती उतरली तेव्हाच हमाल म्हणाला, “साहेब, यात वाळूच जास्त आहे.” खरंच होतं. चाळून, दोनदा धुऊन, पुन्हा वाळवून ४० किलो हाती लागलं. ५०० लिटरच्या फर्मेंटरमध्ये पाणी आणि थोडं सल्फ्युरिक ॲसिड घालून १२१ अंशांवर तासभर शिजवलं. झाकणाच्या काचेतून बघितलं तर आत चहाच्या चोथ्यासारखा काळपट काढा, छान पातळ. आम्ही खूश. मग ॲसिड मारायचं होतं. आमच्यातला एक जण आधी साखर कारखान्यात होता, रसात चुना घालायची त्याच्या हाताला सवय. त्याने चुन्याची निवळी सोडली.

पाच मिनिटांत ॲजिटेटरचा, म्हणजे आतल्या ढवळणीचा, ॲम्पियर चढायला लागला. आधी वाटलं बेअरिंग गेलं. काचेतून टॉर्च मारला तर आत साबुदाण्याची खिचडी. अल्जिनेटला कॅल्शियम भेटलं की त्याची घट्ट जेली होते. हॉटेलवाले आणि दातांचे डॉक्टर याच गुणासाठी ते विकत घेतात. आमच्याकडे ती खालच्या व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसली. ती बॅच घमेल्याने उपसून काढली, दोन शिफ्ट लागल्या.

दुसऱ्या बॅचला चुन्याऐवजी सोडा ॲश वापरला. गोळे झाले नाहीत, पण सगळं शेवयांच्या खिरीसारखं दाट झालं, कारण सोडियम अल्जिनेट विरघळतो आणि पाणी धरून ठेवतो. फर्मेंटेशन झालं तेव्हा वायूचे बुडबुडे त्यातून सुटेनात, फेस वर येऊन एक्झॉस्टमधून बाहेर, फरशीवर. तीन दिवसांनी वॉश, म्हणजे आंबलेलं पाणी, तपासला तर अल्कोहोल ०.६ टक्के. आणि शेवटचा अहेर म्हणजे, त्या लाइनवरच्या हीट एक्स्चेंजरच्या ३०४ स्टीलच्या प्लेटला सहा महिन्यांत टाचणीएवढी भोकं पडली. क्लोराइडने. समुद्राचं काहीही उकळायचं तर निदान ३१६ स्टील लागतं, ते महाग, आणि तेही अमर नाही.

०.६ टक्के म्हणजे काय ते मोजून बघा. एक लिटर अल्कोहोल काढायला सुमारे १६५ लिटर वॉश उकळायचा. ३० अंशांवरून शंभरापर्यंत नेण्यातच ४८ मेगाज्यूल जातात. एक लिटर इथेनॉल जाळून मिळतात २१. उष्णता परत फिरवून बरीच वाचवता येते हे मान्य, मोठे कारखाने तेच करतात, तरी डिस्टिलेशनवाला माणूस ४ टक्क्यांखालच्या वॉशकडे ढुंकून बघत नाही. मळीचा वॉश ८ ते १० टक्के असतो. त्यांचंही वाफेचं बिल कमी नसतं.

अल्जिनेट पचवायची सोय झाली आहे, पण ती सोय तुमच्या-माझ्यासाठी नाही. २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बायो आर्किटेक्चर लॅब या कंपनीच्या शास्त्रज्ञांनी ई. कोलाय जिवाणूत अल्जिनेट तोडायची, आत घ्यायची आणि पचवायची सगळी यंत्रणा बसवली आणि तपकिरी शेवाळापासून थेट ४.७ टक्के इथेनॉल काढून दाखवलं. शक्य असलेल्या उताऱ्याच्या ८० टक्के. दोन वर्षांनी त्याच गोटातून यीस्टमध्येही तसं करून झालं. दोन्ही निबंध मी तेव्हा वाचले आणि फार आनंद झाला, कारण आमचं साबुदाण्याचं दुःख कुणीतरी समजून घेतलं होतं. पण असा जनुकबदल केलेला जीव रबाळ्याच्या गाळ्यात वाढवायचा तर १९८९ च्या नियमांखालच्या परवानग्यांची रांग आहे. आणि जीव मिळाला तरी शेवाळ स्वस्त होत नाही.

टनाला किती लिटर? हिरवं सोडा, त्यातल्या त्यात बरं उदाहरण घेऊ. तमिळनाडूत रामनाथपुरम-मंडपमच्या किनाऱ्यावर बांबूच्या तराफ्यांवर कप्पाफायकस हे लाल शेवाळ लावतात. एक टन ओलं घेतलं तर त्यातलं ९०० किलो पाणी. उरलेल्या १०० किलोत ६० किलो कर्बोदकं धरू, बाकी मुख्यतः मीठ-क्षार आणि थोडी प्रथिनं. ६० पैकी यीस्टच्या तोंडी लागेल अशी साखर ३० किलो निघाली तर तुमचं काम चांगलं झालं असं मी म्हणेन. ३० किलोचं अल्कोहोल कागदावर १५.३ किलो, प्रत्यक्षात ९० टक्के मिळालं असं समजू, म्हणजे साडेसतरा लिटर. एक टन उसाच्या रसातून ७० लिटर निघतं आणि उसाला आधी धुवावं, वाळवावं, ॲसिडमध्ये शिजवावं लागत नाही.

सुकं शेवाळ किलोला ५० रुपये धरलं तर त्या १०० किलोचे पाच हजार. लिटरला २८५ रुपये फक्त कच्च्या मालाचे. ॲसिड, वाफ, पगार, भाडं अजून बाकी. तेल कंपन्यांनी २०२४-२५ च्या हंगामात उसाच्या रसाच्या इथेनॉलला लिटरमागे ६५ रुपये ६१ पैसे दिले, मक्याच्या इथेनॉलला ७१ रुपये ८६ पैसे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, इथे कोंबडीच बारा आण्यांची आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉलच्या बातम्या वाचून तुमच्यासारखे बरेच जण माझ्याकडे येतात. ते २० टक्के ऊस आणि धान्यावर चाललं आहे. शेवाळाला त्यात शिरायचं तर भाव चारपाच पटीने उतरायला हवा.

मग जगात हे कुणीच करत नाही का? केलं, आणि फार पूर्वी. पहिल्या महायुद्धात अमेरिकेतल्या हर्क्युलिस पावडर कंपनीने सान दिएगोजवळ चुला व्हिस्टा इथे केल्प हे अजस्र तपकिरी शेवाळ जहाजांनी कापून आणून प्रचंड टाक्यांमध्ये आंबवलं. पण तिथे यीस्ट नव्हतं, जिवाणू होते, आणि कंपनीला अल्कोहोल नको होतं. शेवाळ आंबवून ॲसिटिक ॲसिड, त्यात चुना घालून कॅल्शियम ॲसिटेट, त्यापासून ॲसिटोन. ब्रिटिशांच्या कॉर्डाइट दारूगोळ्याला ॲसिटोन हवं होतं. सोबत पोटॅश, कारण जर्मनीचा पोटॅश युद्धामुळे बंद झालेला. युद्ध संपल्यावर तो व्यवहार परवडेना आणि कारखान्याचंही काम संपलं. मला ही गोष्ट आवडते ती वेगळ्याच कारणासाठी: त्या लोकांनी शेवाळातून एकच वस्तू काढायचा हट्ट धरला नव्हता, आणि तरीही युद्धातला भाव होता म्हणून जमलं.

आपल्याकडेही तसंच घडत आलं आहे. बंगळुरूची सी६ एनर्जी २०१० मध्ये सुरू झाली तेव्हा नावाप्रमाणे इंधनच डोळ्यांसमोर होतं, एन्झाइम बनवणाऱ्या नोव्होझाइम्सबरोबर करारही झाला होता. आज त्यांचा भर शेतीसाठीच्या उत्पादनांवर आहे. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेनेही शहाणा रस्ता दाखवला. ताजं कप्पाफायकस उसासारखं पिळायचं. रस निघतो तो पिकांवर फवारायला विकायचा. चोथ्यातून कॅराजिनान, जो आइस्क्रीम-चॉकलेट दुधाला घट्टपणा आणतो. अल्कोहोलचा विचार करायचाच तर या सगळ्यानंतर. म्हणजे इंधन हे उसाच्या मळीच्या जागी, ताटातली शेवटची वाटी. आपल्या साखर कारखान्यांनी साखर सोडून नुसतं अल्कोहोल करायला घेतलं असतं तर पहिल्या पिढीतच बुडाले असते.

रस विकण्यालाही आता नियम आहेत. २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेशात जैव-उत्तेजकं, म्हणजे पिकाच्या वाढीला चालना देणारे पदार्थ, आली, समुद्री शेवाळाचे अर्क त्यात धरून. बाटलीवर लेबल चिकटवलं आणि नाशिकच्या द्राक्षवाल्याला विकलं, हे दिवस संपले.

तुमचा जीव इंधनातच अडकला असेल तर माझं मत स्पष्ट आहे: अल्कोहोलचा नाद सोडा, गॅस करा. बायोगॅसच्या टाकीत एक यीस्ट नसतं, शेकडो जातींची वस्ती असते. कुणी उल्वान तोडतं, कुणी अल्जिनेट, कुणी मॅनिटॉल खातं, प्रथिनंही वाया जात नाहीत, आणि शेवटचे जिवाणू सगळ्याचं मिथेन करून देतात. शिजवणं नाही, एन्झाइम नाही, डिस्टिलेशन नाही. गॅस आपोआप वर येतो. तुमचंच उल्वा घ्या. एक टन ओल्यात १५० किलो सुकं, त्यातलं जळण्यासारखं शंभराच्या आत-बाहेर. त्याच्या किलोमागे २०० लिटर मिथेन धरलं तर १९-२० घनमीटर. उष्णतेत हिशोब केला तर घरातला १४.२ किलोचा एक सिलिंडर आणि वर थोडं. मघाच्या साडेसतरा लिटर इथेनॉलची उष्णता याच्या निम्मी होते, आणि तिथे खर्चाची यादी केवढी होती ते आठवा.

अर्थात टनाला एकच सिलिंडर, तेव्हा उड्या मारू नका. एक टन ओलं शेवाळ काढायला आणि वाहून आणायला किती लागतं ते तुमच्या वडिलांना विचारा.

शिवाय गॅसलाही शेवाळाचे नखरे आहेतच. नुसतं उल्वा टाकलं तर नायट्रोजन जास्त होतो, टाकीत अमोनिया वाढतो. मीठ वाढलं की जिवाणू मंदावतात. सल्फेटमुळे तोच सडक्या अंड्यांचा वायू, जो इंजिन आणि बर्नर खातो. लोखंडाच्या गंजाचा फिल्टर लावून तो पकडावा लागतो. म्हणून शेवाळ एकटं कधी टाकायचं नाही. आपल्याकडे त्याला जोडीदार भरपूर. वाशी-तुर्भ्याच्या एपीएमसीत रोज निघणारा भाजी-फळांचा कचरा कर्बाने भरलेला आणि जवळपास बिनमिठाचा. पाच-दहा भागांना एक भाग शेवाळ, एवढ्याने सुरुवात. मासळीबाजारातला कचरा मात्र यात नको, त्यात नायट्रोजन आधीच खच्चून आहे. ट्रॉम्ब्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने ओल्या कचऱ्यासाठी ‘निसर्गऋण’ नावाची दोन टप्प्यांची पद्धत केली आहे, तिची छोटी संयंत्रं अनेक ठिकाणी बसली. ती एकदा बघून या. बार्बाडोसमध्ये वेस्ट इंडीज विद्यापीठाच्या लोकांनी किनाऱ्यावर येऊन सडणारं सरगॅसम आणि रमच्या डिस्टिलरीचं सांडपाणी एकत्र पचवून त्या गॅसवर २०२४ मध्ये गाडी चालवून दाखवली. रमच्या जागी आपल्या मळीचं स्पेंटवॉश (अल्कोहोल काढून उरलेलं सांडपाणी) ठेवलं की महाराष्ट्रात असा जोडीदार किती मिळेल ते कुठल्याही साखर कारखान्याजवळून गाडीने गेलेल्याला नाकाने कळतं. फरक एवढाच, बार्बाडोसला ते शेवाळ फुकट येतं आणि हलवलं नाही तर पर्यटक पळतात. तुम्हाला ते पिकवावं किंवा विकत घ्यावं लागणार.

खाडीतून आणू, असं तुम्ही लिहिलं आहे. इथे मात्र मी हात जोडतो. ठाण्याची खाडी चिखलाची आहे, गढूळ पाणी, तिवरांची जागा. मोठ्या शेवाळाला लागतो तसा खडक आणि स्वच्छ उजेड इथे नाही. आहे ते जेट्टीचे दगड, दोर आणि तिवरांच्या श्वासमुळांवरचं पातळ हिरवं, पावसाळ्यात धुऊन जाणारं. तुम्ही आठवडाभर खरवडलंत तरी एक टन भरणार नाही. दुसरं, या पट्ट्यातल्या कारखान्यांचं आणि दोन्ही काठांवरच्या शहरांचं पाणी किती दशकं इथे आलं आहे ते तुम्ही कोळीवाड्यातले, मी काय सांगू. शेवाळ जड धातू ओढून घेतं, म्हणून तर ते प्रदूषण मोजायला वापरतात. गॅस काढून उरलेला गाळ मग खत म्हणून शेतात टाकता येत नाही, आणि या धंद्यात गाळ विकला गेला नाही तर गणित बसत नाही. तिसरं, खाडीचा काही भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ पासून रामसर स्थळही (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा), आणि तिवरांना न्यायालयाचं संरक्षण आहे. ते गुलाबी पाहुणे सूक्ष्म शेवाळ खातात, तुमचं उल्वा नव्हे, पण चिखलात उतरून खरवडाखरवड करणाऱ्याला वनखात्याचा माणूस हा फरक समजावत बसणार नाही.

माल हवा असेल तर खाली रत्नागिरी-सिंधुदुर्गात बघा. तिथले खडकाळ किनारे पावसाळा संपल्यावर, नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत, सरगॅसम आणि उल्वाने भरतात. तेही खडकावरून मुळासकट ओरबाडलं तर पुढच्या वर्षी येत नाही, त्यात माशांची पिल्लं वाढतात हे तुमच्या घरात माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. वाहून किनाऱ्यावर आलेलं घ्यावं आणि तिथेच बोंबलांसारखं दोरीवर सुकवून आणावं. ओलं ठाण्यापर्यंत आणलं तर तुम्ही पाण्याचं भाडं भरता.

कायद्याची एक गोष्ट मुद्दाम वेगळी सांगतो, कारण ही चूक चांगली शिकलेली मुलं करतात. आंबवणं वेगळं आणि गाळणं वेगळं. प्रेशर कुकरला नळी लावून ‘टेस्टसाठी’ थोडं अल्कोहोल काढलं, की महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ लागू झाला. ते शेवाळाचं आहे, पिण्याचं नाही, हे सांगून चालत नाही. राज्य उत्पादन शुल्क विभागाची परवानगी नसताना ऊर्ध्वपातन नाही म्हणजे नाही, गाळ्यात नाही आणि घरीही नाही.

एवढं ऐकून कॅन फेकून देऊ नका. प्रयोग नीट करा, बारा लाख नकोत, बाराशेत होईल. मालवणकडून १० किलो सुकं सरगॅसम मागवा. १०० ग्रॅम मोजून गोड्या पाण्यात एकदाच, झटकन धुवा. इथे एक मेख आहे: कमी धुतलं तर मीठ राहतं, जास्त धुतलं तर मॅनिटॉल आणि लॅमिनारिन पाण्याबरोबर मोरीत जातात, आणि यीस्टच्या कामाचं तेवढंच तर होतं. धुतलेलं वाळवून त्यातलं थोडं कॉलेजच्या मफल भट्टीत ५५० अंशांवर जाळा आणि राख तोला. राख ३० टक्क्यांच्या वर गेली तर तुम्ही मीठ विकत घेतलंत.

मग साखर किती ते बघा. कॉलेजात डीएनएस टेस्ट शिकवतात, रंग आला की मुलं ‘रिड्युसिंग शुगर’ लिहून मोकळी होतात. शेवाळात ही टेस्ट दोन्ही बाजूंनी फसवते. युरॉनिक आम्लंही रंग देतात, जी यीस्ट खात नाही. आणि मॅनिटॉल रंगच देत नाही. माझ्याकडे एकदा एक मुलगा ४० ग्रॅम लिटरचा आकडा घेऊन आला होता, त्यातले यीस्टच्या पोटात जाणारे दहासुद्धा नव्हते. एचपीएलसी, म्हणजे प्रत्येक साखर वेगळी करून मोजणारी चाचणी, कुणाकडून करून घ्या. नाही जमलं तर वजनाची युक्ती वापरा, ती आम्ही शिफ्टमध्ये वापरायचो. चार सारख्या बाटल्या, तोंडाला पाण्यातून वायू सोडणारी नळी. पहिलीत शेवाळाचा काढा आणि यीस्ट. दुसरीत नुसता काढा. तिसरीत नुसतं पाणी आणि यीस्ट. चौथीत काढा, यीस्ट आणि मोजून १० ग्रॅम ग्लुकोज. साखर ‘सुरुवातीसाठी’ म्हणून पहिलीत घालायची नाही, कितीही हात शिवशिवले तरी. दर बारा तासांनी एक दशांश ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर प्रत्येक बाटली तोला. बाटलीचं वजन घटतं ते उडून गेलेल्या कार्बन डायऑक्साइडचं, आणि घटलेल्या प्रत्येक ग्रॅममागे १.०४५ ग्रॅम अल्कोहोल आत तयार झालेलं असतं. गाळायची गरज नाही, चव तर बिलकुल घ्यायची नाही.

पहिल्या बाटलीतून दुसरीचं आणि तिसरीचं घटलेलं वजन वजा करा. उरलं ते शेवाळाचं. चौथीचं पहिलीपेक्षा पाच ग्रॅमच्या आसपास जास्त घटलं नाही, तर तुमच्या काढ्यात यीस्टला मारणारं काहीतरी आहे. मीठ असेल, सरगॅसमचे टॅनिनसारखे पदार्थ असतील, ॲसिडमध्ये जास्त शिजवल्याचं एचएमएफ असेल. ते आधी शोधायचं.

जोडीला एका पाचव्या बाटलीत तेवढंच शेवाळ, चालू बायोगॅस टाकीतली स्लरी आणि थोडा भाजीचा कचरा घालून महिनाभर ठेवा आणि गॅस उलट्या मोजपात्रात पाण्याखाली मोजा. इथेही तेवढीच स्लरी आणि कचरा घातलेली, पण बिनशेवाळाची एक बाटली शेजारी हवी. ती विसरलात तर पुन्हा फुग्यापाशीच याल.

अल्कोहोलच्या आकड्याला १२ दिवस पुरतील, गॅसला महिना लागेल. दोन्ही आकडे आणि राखेची टक्केवारी लिहून पाठवा, गाळ्याच्या मालकाला तोवर थांबायला सांगा.